सातबारा म्हणजे १२ जुलै नव्हे

दिवाळीच्या सुट्टीत आजऱ्याला घरी गेलो, तेव्हा तात्यांनी (माझे धाकटे चुलते) कागदांची एक पिशवी माझ्यापुढं ठेवली. शाळेच्या जनरल रजिस्टरचे उतारे, जुने सातबारे, फेरफाराच्या नकला आणि दोन-चार मोडी कागदांचे फोटो. त्यांना जातीच्या दाखल्यासाठी पुरावा गोळा करायचा होता. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही तारीख महत्त्वाची असते. त्याआधीच्या कागदाला वजन, नंतरच्याला फारसं नाही. तात्या म्हणाले, "तू त्यातच डॉक्टर व्हायला लागलाईस न्हवं? मग एवढं तारखंवार लावून दे की."

माझा पीएचडीचा विषय जुन्या मराठी कागदांतल्या नोंदी संगणकाला वाचायला लावणं हा. त्यामुळं नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. मजकूर टाइप केला, देवनागरी आकडे इंग्रजी आकड्यांत बदलले आणि तारखा ओळखण्याचं काम पीएचपीच्या 'स्ट्र-टू-टाइम' या तयार फंक्शनकडं सोपवलं. अर्ध्या तासात यादी तयार. सगळ्यात कामाचा निघाला तो शाळेचा एक उतारा: १२ मे १९६७. म्हणजे हद्दीच्या पाच महिने आधीचा. तात्या खूश.

आज्जी भाताचं सूप बाजूला ठेवून म्हणाली, "मे म्हैन्यात कुठली रं शाळा उघडी असतीया?"

मूळ कागद काढून बघितला. तिथं शाईनं स्वच्छ लिहिलं होतं: ५/१२/१९६७. पाच डिसेंबर. म्हणजे हद्दीच्या सात आठवडे नंतरचा. यंत्रानं तो आधी महिना, मग दिवस असा वाचला होता. मग मी बाकीची यादीही तपासायला घेतली, तर पाच-सहा कागद १२ जुलैचे निघाले. तात्यांनी ते हातात घेतले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "आरं, ह्यो सातबारा हाय. तारीख न्हवं."

७/१२. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. यंत्राच्या मते सातव्या महिन्याचा बारावा दिवस.

हसू आलं खरं, पण त्या रात्री झोप लागली नाही. कारण हेच फंक्शन वापरून मी प्रबंधाच्या एका प्रकरणासाठी शेकडो नोंदी वाचून घेतल्या होत्या. तात्यांच्या पिशवीत तपासायला आज्जी होती. माझ्या प्रकरणात कोण होतं?

तुम्ही संशोधनाकडं वळताय, तुम्हीही असं एखादं तयार साधन उचलणारच. म्हणून आज या साधनाची समीक्षा करतो. चांगलं काय, वाईट काय आणि नेमकी चूक कुठल्या जागी आहे, तिन्ही बघू.

लेक्सर करतो तरी काय?

लेक्सिकल ॲनालायझर, बोलीत लेक्सर, म्हणजे अक्षरांच्या ओळीचे अर्थपूर्ण तुकडे पाडणारा प्रोग्रॅम. तुकड्याला टोकन म्हणतात. १९७५ साली बेल लॅब्समध्ये माइक लेस्क आणि एरिक श्मिट यांनी 'लेक्स' लिहिलं, तेव्हापासून हे काम हातानं करायची गरज उरली नाही. आपण फक्त नमुने लिहायचे: 'एक किंवा दोन आकडे', 'जानेवारी ते डिसेंबरपैकी एक शब्द', 'विसर्गासारखी दोन टिंबं'. त्यातून तुकडे पाडणारं यंत्र आपोआप तयार होतं. १९९० च्या दशकात आलेलं 'आर-ई-टू-सी' हे त्याच घराण्यातलं. ते नमुन्यांपासून थेट सी भाषेतला वेगवान कोड बनवतं. पीएचपीचं तारीखवाचन यावरच उभं आहे.

लेक्सरचा एक मूळ नियम लक्षात ठेवा: जास्तीत जास्त लांब जुळणारा तुकडा घ्यायचा. 'पावणेपाच' वाचताना 'पाव' पाशी थांबायचं नाही, 'पावणे' पर्यंत जायचं. नियम साधा आहे आणि बहुतेक वेळा बरोबर निघतो.

तारखांसाठी हे हत्यार का आवडतं, तेही समजून घ्या. माणसं तारीख पन्नास तऱ्हांनी लिहितात. प्रत्येक तऱ्हेला एक नमुना लिहिला की काम झालं. नवी तऱ्हा आली, नवी ओळ वाढवली. वेग भरपूर, स्मृती कमी लागते आणि वापरणाऱ्याला एक शब्दही शिकावा लागत नाही. 'उद्या', 'पुढचा सोमवार', 'या महिन्याचा शेवटचा दिवस' असं इंग्रजीत लिहिलं तरी उत्तर येतं. हे कौतुकाचं काम आहे. ज्यानं हातानं तारखा वाचणारा कोड एकदा तरी लिहिलाय, तो या फाइलला नाव ठेवताना जरा जपूनच ठेवेल.

तरीही नावं ठेवायची आहेत. एकेक घेऊ.

पहिली चूक: निर्णय टोकनच्या नावात लपलेला

पीएचपीच्या त्या फाइलमध्ये '५/१२/१९६७' हे पाच-सहा तुकडे नाहीत. ती अख्खी तारीख हे एकच टोकन आहे आणि त्या नमुन्याचं नाव आहे 'अमेरिकन'. बघा, उत्तर नावातच होतं. तिरकी रेघ दिसली की महिना आधी. आडवी रेघ किंवा टिंब असेल आणि वर्ष चार आकडी असेल, तर दिवस आधी. आडवी रेघ आणि वर्ष दोन आकडी असेल, तर मात्र वर्षच आधी. म्हणजे '०५-१२-११' हे ५ डिसेंबर नाही, २००५ सालचा ११ डिसेंबर.

हे सगळं माहितीपुस्तिकेत लिहिलेलं आहे, त्यामुळं फसवलं असं म्हणता येत नाही. पण लेक्सरचं काम 'इथं आकडा आहे, इथं रेघ आहे' एवढं सांगायचं. यातला महिना कुठला, हा अर्थाचा निर्णय आहे. तो निर्णय लिहिणारा कुठल्या मुलखातला आहे यावर अवलंबून असतो, रेघेच्या तिरकेपणावर नव्हे. आजऱ्याच्या गुरुजींनी तिरकी रेघ मारली म्हणून ते अमेरिकेचे होत नाहीत.

इथं घाईनं 'मग लेक्सर सोडून व्याकरण वापरा' असं म्हणू नका. जीएनयूच्या 'डेट' या आज्ञेमागं बायसनचं व्याकरण आहे. तिथं आकडा आणि रेघ ही खरोखर वेगळी टोकनं आहेत. पण नियम तोच: पहिला आकडा चार अंकी नसेल तर महिना आधी. साधन बदललं, गृहीतक तसंच राहिलं. म्हणून समीक्षा करताना तंत्राला दोष द्यायच्या आधी गृहीतक शोधायचं.

दोन आकडी सालाचंही असंच. पीएचपी ०० ते ६९ हे आकडे २००० च्या पुढं नेतं, तर जीएनयूची हद्द ६८ ला संपते. म्हणजे तात्यांच्या कागदावर नुसतं '६७' असतं तर दोघांनीही तो २०६७ चा ठरवला असता. आणि '६९' असतं तर एकानं २०६९ सांगितलं असतं, दुसऱ्यानं १९६९.

दुसरी चूक: रिकामी जागा गुपचूप भरणं

आज्जीला जन्मतारीख विचारली तर ती म्हणते, "गांधीबाबाला मारलं त्या सालची, भाताची लावण चालली हुती तवा." शाळेच्या दाखल्यावर मात्र १ जून आहे. तुमच्या घरातही कुणा ना कुणाची जन्मतारीख १ जून असेल. महाराष्ट्रात एका पिढीच्या असंख्य लोकांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो, कारण शाळा जूनमध्ये सुरू व्हायची आणि नाव घालताना पूर्ण वय बसेल अशी तारीख गुरुजी लिहून टाकायचे.

आता पीएचपीला 'जून १९४८' असं इंग्रजीत देऊन बघा. उत्तर येतं: १ जून १९४८. दिवस दिला नाही, तर पहिला दिवस धरायचा असा नियमच आहे. गुरुजींनी जे केलं तेच यंत्रानं केलं. नुसता महिना दिलात तर साल आणि दिवस आजचा घेतला जातो. आज ३० तारीख असेल आणि तुम्ही 'फेब्रुवारी' म्हणालात, तर उत्तर मार्चमध्ये जाऊन पडतं.

इथं प्रश्न अचूकतेपेक्षा प्रामाणिकपणाचा आहे. आज्जीचं उत्तर अस्पष्ट वाटतं, पण ते खरं आहे: १९४८ चा पावसाळा, साधारण जून ते जुलै. दाखल्यावरचं उत्तर नेमकं आहे, पण खोटं आहे. आणि एकदा आकडा रकान्यात बसला की तो लिहिलेला होता की भरलेला, हे कुणालाच सांगता येत नाही. पुढं कुणी विद्यार्थी या माहितीवरून 'जूनमध्ये जन्मदर अचानक वाढतो' असा शोध लावेल, आणि त्याचा आलेख सुंदरही दिसेल.

तिसरी चूक: साक्षीदाराला हुकूम समजणं

आता सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण घेतो. शिवाजी महाराजांच्या जन्माची नोंद जेधे शकावलीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी आहे. लोकमान्य टिळकांनी ही शकावली प्रकाशात आणल्यावर आधीच्या परंपरेतल्या शके १५४९, वैशाख शुद्ध द्वितीयेशी तिचा वाद झाला, तो अनेक दशकं चालला. महाराष्ट्र शासनानं २००१ साली १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य केली.

शकात ७८ मिळवले तर १६२९ येतं. पण फाल्गुन इंग्रजी वर्ष बदलल्यावर येतो, म्हणून ७९ मिळवायचे, १६३०. इथवर ठीक. आता '१९-०२-१६३०' ही तारीख यंत्राला द्या आणि वार विचारा. उत्तर येईल मंगळवार. शकावली म्हणते शुक्रवार. चूक कुणाची?

कुणाचीच नाही. पोप ग्रेगरीची सुधारणा १५८२ ची, पण इंग्लंडनं ती स्वीकारली १७५२ साली. तोवर इंग्रज वखारींची पत्रं ज्युलियन तारखांनीच लिहिली जात होती आणि शिवकालाच्या तारखा देताना इतिहासकारही तीच गणना धरतात. सतराव्या शतकात दोन्हींत दहा दिवसांचं अंतर आहे. म्हणजे ज्युलियन १९ फेब्रुवारी १६३० हा ग्रेगोरियन १ मार्च १६३०. त्या दिवशी वार कोणता, हे तुम्ही आत्ता तपासू शकता. ग्रेगोरियन पंचांगाची ४०० वर्षं म्हणजे १,४६,०९७ दिवस, बरोबर २०,८७१ आठवडे. त्यामुळं १ मार्च १६३० चा वार आणि १ मार्च २०३० चा वार एकच. मोबाइलमधलं कॅलेंडर उघडा: शुक्रवार.

शकावलीतला वार बरोबर निघाला. आणि तो बरोबर निघाला म्हणूनच आपल्याला गणना ज्युलियन आहे याची खात्री पटते. जुन्या कागदातला वार हा शोभेचा नसतो, तो साक्षीदार असतो. तिथीत चूक झाली, सालात झाली, तर वार जुळत नाही आणि वाचणारा सावध होतो.

आता यंत्राला वारासकट तारीख देऊ: 'शुक्रवार १९ फेब्रुवारी १६३०'. पीएचपी १९ तारखेला जातं, तो मंगळवार आहे हे बघतं आणि पुढच्या शुक्रवारवर उडी मारतं. उत्तर: २२ फेब्रुवारी. कारण त्याच्या नियमात वार म्हणजे 'त्या वारापर्यंत पुढं सरक' असा हुकूम. जीएनयूची आज्ञा याच्या उलट: तारीख स्पष्ट दिली असेल तर वार सोडून देते आणि १९ वरच थांबते. एकानं साक्षीदाराला हुकूम देणारा अधिकारी समजलं, दुसऱ्यानं त्याला बाहेर बसवलं. 'या दोन गोष्टी जुळत नाहीत' एवढं साधं वाक्य नेहमीच्या उत्तरात दोघांपैकी कुणीच म्हणत नाही.

माझ्या मते हा या सगळ्या पद्धतीवरचा सर्वात गंभीर आक्षेप आहे. लेक्सर प्रत्येक टोकनकडं एकेकटं बघतो. तारखेतली माहिती मात्र मुद्दाम दुहेरी लिहिलेली असते, चूक पकडता यावी म्हणून. ती दुहेरी वीण यंत्र उसवून टाकतं.

एक छोटा आक्षेप जाता जाता. 'आय-एस-टी' ही तीन अक्षरं जीएनयूच्या तक्त्यात भारताची वेळ आहेत, साडेपाच तास पुढं. पीएचपी त्यांचा अर्थ इस्राएलची वेळ असा घेतं, दोन तास पुढं. आपल्याच सर्व्हरच्या नोंदी साडेतीन तासांनी सरकलेल्या दिसल्या तर आधी हे बघा.

मराठीत लेक्सर कुठं जिंकतो

एवढं वाचून लेक्सर टाकाऊ आहे असं वाटलं असेल, तर ते चूक. मराठीत काही ठिकाणी तो इतका फिट बसतो की दुसरं काही वापरूच नये.

पेशवाईतल्या कागदांवर शुहूर सन असतो आणि तो आकड्यांत नाही, अरबी संख्याशब्दांत लिहिलेला असतो. 'इहिदे सितैन मया व अलफ'. इहिदे १, सितैन ६०, मया १००, अलफ १०००. बेरीज ११६१. शब्दांची एक यादी, प्रत्येकाची एक किंमत आणि शेवटी बेरीज. क्रम उलटा झाला तरी उत्तर बदलत नाही. 'व' आला तर सोडून द्यायचा. लेक्सरसाठी याहून गोड काम नाही. साल मृग नक्षत्रापासून सुरू होतं, म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढं ६०० मिळवायचे. ११६१ म्हणजे १७६० चा मृग ते १७६१ चा मृग. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, ती याच सालात बसते.

घड्याळाचंही तसंच. सव्वा म्हणजे पुढच्या आकड्यात पंधरा मिनिटं अधिक, साडे म्हणजे तीस अधिक, पावणे म्हणजे पंधरा कमी. 'साडेएक' आणि 'साडेदोन' कुणी म्हणत नाही, तिथं दीड आणि अडीच हे स्वतंत्र शब्द. आकड्याशिवाय आलेला 'सव्वा' म्हणजे सव्वा वाजता, १:१५. 'पाऊण वाजता' म्हणजे १२:४५. सात-आठ नियमांत अख्खी मराठी घड्याळं वाचता येतात. कुणी हे पूर्ण करून मोकळं ठेवलं तर फार लोकांचं काम होईल.

आणि कुठं हरतो

'परवा' घ्या. परवा आलो, परवा येणार. शब्द तोच, अंतर चार दिवसांचं, आणि निर्णय वाक्याच्या शेवटी बसलेल्या क्रियापदाच्या हातात. लेक्सर त्या शब्दाला फार तर 'दोन दिवस, दिशा अज्ञात' एवढंच टोकन देऊ शकतो. त्यानं एवढंच दिलं तर ते योग्यच आहे. दिशा ठरवायचं काम व्याकरणानं करायचं. टोकनच्या पातळीवर '+२' लिहून टाकलंत, तर निम्म्या वेळा चार दिवसांनी चुकाल.

जुन्या कागदातला 'सालमजकूर' घ्या. म्हणजे वर सांगितलेलं साल. ते वर कुठं सांगितलंय? कधी त्याच ओळीत, कधी दोन पानं मागं. 'साल गुदस्त' म्हणजे त्याच्या आधीचं. आमच्याकडं अजून म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात 'औंदा' आणि 'गुदस्ता' आहेत. अशा शब्दांना स्वतःची तारीखच नसते, ते शेजाऱ्याच्या आधारानं उभे असतात. यासाठी कागदाची स्मृती लागते आणि लेक्सरला स्मृती नसते.

आणि तिथी. चंद्र सूर्याच्या पुढं बारा अंश सरकला की एक तिथी होते. त्याला साधारण १९ ते २६ तास लागतात. त्यामुळं एखादी तिथी सूर्योदय न बघताच संपते, एखादी दोन सूर्योदय बघते. मध्येच अधिक महिना येतो. शिवाय आपण अमावास्येला महिना संपवतो, तर उत्तरेत पौर्णिमेला. म्हणून आपला फाल्गुन वद्य पक्ष त्यांच्याकडं चैत्राचा कृष्ण पक्ष. 'फाल्गुन वद्य तृतीया' हे तीन टोकन ओळखणं शाळकरी काम आहे, त्याची तारीख काढणं खगोलगणिताचं. रॉबर्ट सिवेल आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ साली 'द इंडियन कॅलेंडर' मध्ये एवढ्यासाठीच कोष्टकं मांडली. मोडक जंत्री, खरे जंत्री ही नावं इतिहासाच्या विद्यार्थ्यांना पाठ असतात, तीही यासाठीच. ही कोष्टकं वापरणारा आधी काय लिहिलंय ते उतरवतो, मग तारीख काढतो आणि शेवटी वार ताडून बघतो. ही तीन कामं त्यानं कधी एकात मिसळली नाहीत. आपण संगणकवाल्यांनी मिसळली.

मग करायचं काय

न्यायानं बोलायचं तर दोन्ही साधनांत औषध आहे. पीएचपीत 'डेट-पार्स' हे दुसरं फंक्शन आहे. ते सापडलेला प्रत्येक घटक वेगळा देतं, न सापडलेला बहुतेक वेळा रिकामा ठेवतं आणि इशाऱ्यांची यादीही देतं. जीएनयूच्या आज्ञेला डीबगचा पर्याय दिला तर वार सोडून दिल्याचं ती सांगते. म्हणजे माहिती आत असते. पण सोयीचं दार एकच आकडा बाहेर टाकतं, आणि आपण सगळे त्याच दारानं जातो. मीही गेलो. पुस्तिका वाचली होती, तरीही.

सुटीनंतर मी माझा कोड असा बदलला. प्रत्येक नोंदीचे तीन भाग ठेवले: कागदावर काय लिहिलं आहे, मी काय भरलं आहे, आणि काय आपसांत जुळत नाही. लेक्सर फक्त पहिला भाग भरतो. ५/१२ मधला महिना कुठला हे ठरवताना कागद कुठल्या कचेरीचा, त्याच वहीतल्या शेजारच्या नोंदी काय सांगतात, हे बघितलं जातं. एखाद्या नोंदीत पहिला आकडा १२ च्या वर असला, तर त्या वहीची रीत कळते. ठरवता आलंच नाही, तर दोन्ही शक्यता तशाच राहतात. अर्धवट तारखेसाठी आयएसओ ८६०१ च्या २०१९ च्या दुसऱ्या भागात सोय आहे: अनिश्चित, अंदाजे, अंक अज्ञात, सगळ्याला खुणा आहेत. आज्जीची जन्मतारीख आता माझ्याकडं '१९४८, जून ते जुलै' अशी आहे. शेजारी 'दाखल्यावर १ जून' हेही आहे. दोन्ही ठेवलेत.

प्रबंधाचं ते प्रकरण पुन्हा लिहावं लागलं. आधीच्या आवृत्तीत मी 'किती नोंदींतली तारीख वाचता आली' एवढंच मोजलं होतं आणि आकडा बघून मार्गदर्शकही खूश होते. नव्या आवृत्तीत तो आकडा बराच खाली आला. कारण 'ठरवता येत नाही' हेही आता एक उत्तर आहे. मार्गदर्शकांना हे सांगताना घाम फुटला होता, खोटं कशाला सांगू? पण 'वाचता आली नाही' ही चूक तक्त्यात दिसते, तिच्यावर काम करता येतं. 'चुकीची वाचली' ही चूक तक्त्यात यशाच्या रकान्यात बसलेली असते. तुमच्या मूल्यमापनात हे दोन रकाने वेगळे नसतील, तर आजच वेगळे करा. आणि तपासणीसाठी साधनाच्या बाहेरचा एक तरी साक्षीदार शोधा. तारखांच्या बाबतीत वार हा फुकट मिळणारा साक्षीदार आहे. शाळेची सुट्टी, भाताची लावण, हेही साक्षीदारच.

सराव म्हणून एक काम देतो. घरातला पन्नास वर्षांपूर्वीचा एक कागद घ्या. त्यावर तारखेसारखं दिसणारं जे जे असेल ते एका स्तंभात उतरवा, अर्थ न लावता. दुसऱ्या स्तंभात अर्थ लिहा, तिसऱ्यात तो कशावरून लावला ते. गट नंबरचा हिस्सा ३/४ असा लिहिलेला सापडला, तर तुमच्या आवडत्या साधनाला विचारा. ते ४ मार्च म्हणेल. मग कोड लिहायला बसा.

तात्यांचा शोध अजून चालू आहे. ५ डिसेंबरचा तो उतारा उपयोगाचा नाही हे मीच त्यांना समजावून सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बरं झालं घरातच कळलं. कचेरीत जाऊन कळलं असतं तर?" आता आजोबांच्या शाळेचं जुनं रजिस्टर बघायचं ठरलंय. ते मोडीत आहे. पुढच्या वेळी घरी जाईन, तेव्हा ते आधी आम्ही दोघं मिळून डोळ्यांनी वाचणार आहोत.